फडफडणारा पंख, नागमोडी चाक

16 एप्रिल 1941. 'कागा' या जपानी विमानवाहू जहाजावरचे लेफ्टनंट यासुशी निकाइदो झीरो हे लढाऊ विमान घेऊन सरावाला निघाले होते. सूर मारून खाली येताना त्यांना पंखावरच्या पत्र्याला सुरकुत्या पडताना दिसल्या. त्यांनी विमान वर उचलायला सुरुवात केली आणि जोराचा धक्का बसला. दोन्ही पंखांच्या कडेला असलेली एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा, उडून गेल्या होत्या. पंखाच्या वरच्या पत्र्याचेही तुकडे गेले होते. अशा विमानाला कसंबसं सांभाळत निकाइदो किसाराझूच्या तळावर उतरले.

ही बातमी योकोसुकाच्या नौदल हवाई तळावर पोचली. तिथले लेफ्टनंट मानबेई शिमोकावा हे झीरोची चाचणी घेणाऱ्यांपैकी जाणते वैमानिक होते. हे विमान शेकडो तरुणांच्या हाती जाणार आहे, तेव्हा दोष नेमका काय आहे तो आपणच शोधला पाहिजे, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी, 17 एप्रिलला, ते तसंच दुसरं विमान घेऊन आकाशात गेले आणि सूर मारून पाहू लागले. शेवटच्या सुरात डाव्या पंखाचे तुकडे उडताना जमिनीवरच्यांना दिसले. विमान समुद्रात कोसळलं आणि शिमोकावा गेले.

योकोसुकाजवळच्या ओप्पामा इथे जपानी नौदलाची विमान-संशोधन संस्था होती. विमानातल्या कंपनांचा अभ्यास तिथे तादाशी मात्सुदाइरा नावाचे तिशीतले इंजिनिअर करत. 1934 साली तोक्योच्या विद्यापीठातून ते जहाजबांधणी शिकून बाहेर पडले होते. झीरोचे पंख किती वेगापर्यंत सुरक्षित राहतील याचा हिशेब त्यांचा होता. त्या हिशेबाप्रमाणे शिमोकावांचं विमान मोडायला नको होतं, कारण धोक्याचा वेग सूर मारण्याच्या वेगाच्या खूप पलीकडे होता.

वर्षभरापूर्वी असंच एक प्रकरण त्यांनी उलगडलं होतं. 11 मार्च 1940 रोजी ओप्पामाच्याच आकाशात झीरोचा दुसरा नमुना सूर मारताना हवेतच फुटला होता. चाचणी वैमानिक मासुमी ओकुयामा यांचं पॅराशूट उघडलं, पण ते त्यातून निसटून खाली पडले आणि मरण पावले. शेपटीवरच्या एलेव्हेटरचा तोल सांभाळणारं एक छोटं वजन असतं. ते ज्या दांड्यावर बसवलेलं होतं तो दांडा उतरतानाचे धक्के खाऊन खाऊन आधीच कमकुवत झाला होता. तो तुटला, वजन गेलं, एलेव्हेटर फडफडू लागलं आणि त्या फडफडीने विमानाच्या चिंध्या झाल्या. इंजिनिअर हिला फ्लटर म्हणतात. मी फडफड हाच शब्द वापरतो, त्यात सगळं येतं.

ही फडफड म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. हायवेवर ट्रकच्या मागे सैल बांधलेली ताडपत्री आठवा. ट्रक हळू चाललेला असतो तोवर ती नुसती हलते. वेग वाढतो तशी ती आपटू लागते आणि एका वेगाला असा तडाखा सुरू करते की दोर तुटावेत. वारा तर एकसारखा एकाच दिशेने वाहतो आहे, तिला मागेपुढे कुणीही ढकलत नाही. ताडपत्री हलते म्हणून तिच्याभोवतीची हवा बदलते, हवा बदलते म्हणून ती आणखी हलते, आणि हे चक्र चालवायला लागणारी शक्ती ती त्या सरळ वाऱ्यातूनच ओढून घेते. धातूचा पंखही असाच लवचीक असतो. ठरावीक वेगाच्या खाली त्याचं कंपन आपोआप विरतं आणि त्या वेगाच्या वर आपोआप वाढत जातं. मधली सीमा अतिशय अरुंद असते. वैमानिकाला सावध व्हायला काही सेकंदही मिळत नाहीत. 1940 च्याच नोव्हेंबरात अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल साध्या वाऱ्यात पिळवटून कोसळला, त्याचं मूळही असंच होतं.

शिमोकावांच्या मृत्यूनंतर मात्सुदाइरांनी आपला जुना हिशेब पुन्हा उघडला. विंड टनेलमध्ये पूर्वी तपासलेला छोटा पंख आकाराने बरोबर होता. पण खऱ्या पंखाची लवचिकता आणि वजनाची वाटणी त्यात तंतोतंत उतरलेली नव्हती. त्यातच, मोठ्या वेगाला वैमानिकाच्या हाताला दांडा जड जाऊ नये म्हणून नव्या विमानांच्या एलेरॉनवर बॅलन्स टॅब नावाची छोटी पट्टी बसवली होती, आणि त्या सोयीने फडफडीला वाट करून दिली होती. या वेळी त्यांनी नमुना असा घडवला की तो खऱ्या पंखासारखाच वाकेल आणि खऱ्या पंखासारखाच पिळला जाईल. विंड टनेलमध्ये वारा वाढवत नेला आणि फडफड आली ती नेमकी अपघाताच्या वेगाच्या आसपास. पंखाचा पीळ आणि एलेरॉनची हालचाल एकमेकांना खतपाणी घालत होती. पंखाचा पत्रा जाड करण्यात आला, तोलाची वजनं वाढवण्यात आली, सूर मारण्याच्या वेगावर मर्यादा आली. आपला आधीचा हिशेब चुकला होता हे मात्सुदाइरांनी उघडपणे मान्य केलं. झीरोचे मुख्य आरेखक जिरो होरिकोशी यांनी युद्धानंतर हा सगळा प्रसंग लिहून ठेवला, त्यात या माणसाबद्दलचा आदर जाणवतो.

झीरो हे युद्धाचं यंत्र होतं आणि त्याने जे केलं ते चीनपासून पॅसिफिकपर्यंतच्या माणसांनी भोगलं. त्या बाजूला पडदा टाकून इंजिनिअरांचं कौतुक करणं मला जमणार नाही. पण ओप्पामात जे कळलं ते विमानापुरतं नव्हतं. वेगात जाणारी वस्तू बाहेरून कुणी न हलवताही स्वतःच्या वेगातूनच स्वतःचं कंपन जन्माला घालू शकते, एवढं ज्ञान युद्ध संपलं तेव्हा मात्सुदाइरांच्या हाताशी होतं. जपानात त्याला आता गिऱ्हाईक नव्हतं. दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने 1945 च्या अखेरीस विमानांवरचं संशोधनच बंद करून टाकलं.

बेकार झालेल्या लष्करी तंत्रज्ञांना त्या दिवसांत ज्या दारांत जागा मिळाली त्यात रेल्वेची संशोधन संस्था होती. सुमारे हजार माणसं तिने सामावून घेतली असं सांगतात. देश उपाशी असताना एखाद्या सरकारी खात्याने एवढी तोंडं पोसायला घेणं हा मोठाच निर्णय होता. मात्सुदाइरा तिथे आले. नौदलात 'गिंगा' या बॉम्बफेकी विमानाचं आरेखन करणारे तादानाओ मिकी आले. सैन्यात सिग्नलचं काम केलेले हाजिमे कावानाबे आले. मिकींच्या मनावर मोठं ओझं होतं. 'ओका' हे मानवी बॉम्बविमान त्यांच्याच आरेखनातून उभं राहिलं होतं. त्याला उतरण्यासाठी चाकंच नव्हती, आत बसलेला तरुण परत येणार नाही हे गृहीत धरूनच ते घडवलं होतं. युद्धानंतर मिकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि युद्धाशी संबंध न येणारं काम शोधत ते रेल्वेत आले.

रेल्वेतल्या जुन्या माणसांना या विमानवाल्यांचं काही पटत नव्हतं. आगगाडी जमिनीवर चालते, तिच्यात फडफडण्यासारखं काय आहे? डबे डोलतात ते रूळ वेडेवाकडे असतात म्हणून, आणि रूळ सरळ केले की डोलणं थांबेल, असा त्यांचा सरळ विचार होता.

मात्सुदाइरांना ते पुरेसं वाटेना. रूळ चांगला असतानाही ठरावीक वेगानंतर डबा आडवा हलू लागतो, वेग उतरला की थांबतो, हे त्यांना ओळखीचं वाटत होतं. शेवटच्या डब्यातून प्रवास करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही ही हालचाल माहीत असते. गाडीने वेग धरला की मागचा डबा साप चालावा तसा डावी-उजवीकडे वळवळतो. इंग्रजीत हिला हंटिंग म्हणतात, जपानी माणसं साप-चाल म्हणतात. आपल्याकडे नागमोडी शब्द तयारच आहे.

तिचं मूळ चाकाच्या आकारात आहे. रेल्वेचं चाक सपाट नसतं, आतल्या बाजूला जाड आणि बाहेरच्या बाजूला किंचित निमुळतं असतं. दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असल्याने ती बरोबरच फिरतात. घरी करून पाहायचं असेल तर कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांवरून उतरणीला सोडा. जोडी डावीकडे सरकली की डावा पेला जाड भागावर फिरू लागतो, त्यामुळे तो जास्त अंतर कापतो आणि जोडी उजवीकडे वळते. गाडी रुळावर राहते ती मुख्यतः याच युक्तीमुळे. चाकाची आतली कड, फ्लँज, ही शेवटच्या क्षणाची राखण आहे. पण वळलेली जोडी मध्यावर थांबत नाही, पुढे उजवीकडे जाते, तिथून परत डावीकडे येते. 1883 साली क्लिंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने या लाटेची लांबी मोजण्याचं सूत्र दिलं होतं. जपानच्या अरुंद रुळांवर, 20 ला 1 अशा उताराच्या चाकासाठी ही लाट साधारण 14 मीटरची येते. ताशी 90 किलोमीटरला म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे. वेग वाढेल तसे ते भराभर येऊ लागतात.

क्लिंगेलचं सूत्र भूमितीचं होतं, बळांचं नव्हतं. मात्सुदाइरांनी त्यात वजन, स्प्रिंगा आणि चाक-रुळांमधलं घर्षण आणलं. त्यातून निघालं ते त्यांना झीरोने शिकवलेलंच होतं. एका वेगाच्या खाली हे हेलकावे विरतात आणि त्या वेगाच्या वर गाडीच्या पुढे जाण्यातूनच शक्ती घेऊन वाढत जातात. वाऱ्याच्या जागी रूळ आला एवढाच फरक.

1946 च्या डिसेंबरात वेगवान बोगींच्या कंपनांचा अभ्यास करण्यासाठी रेल्वेने एक मंडळ बसवलं. (आपण मराठीत डब्यालाच बोगी म्हणतो. तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. या लेखात तोच अर्थ घ्यावा.) त्यामागे हिदेओ शिमा होते, प्रसिद्ध 'डी-51' वाफेच्या इंजिनाच्या आरेखनाचे प्रमुख. लांब पल्ल्याच्या गाडीत पुढे एक इंजिन लावण्याऐवजी डब्याडब्यांत मोटरी बसवाव्यात, म्हणजे कुठलाही एक आस जड होणार नाही आणि रुळाला इजा होणार नाही, ही त्यांची धारणा होती. पण त्यासाठी आधी डबे शांत चालायला हवे होते.

1947 साली सान्यो मार्गावर गाडी रुळांवरून घसरली. अपघाताच्या जागी रूळ लाटेसारखे वाकलेले होते. जुन्या मंडळींनी म्हटलं, रूळ वाकले म्हणून गाडी घसरली. मात्सुदाइरांचं म्हणणं उलट होतं, गाडी वळवळली म्हणून रूळ वाकले. वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. त्यांनी विंड टनेलचाच मार्ग धरला. चाकांच्या जोडीचा छोटा नमुना करून तो फिरत्या रुळांवर, म्हणजे रुळाच्या आकाराच्या फिरणाऱ्या चाकांवर, ठेवला. हा रूळ यंत्रावर घडवलेला, दोष नसलेला. वेग वाढवला आणि नमुना वळवळू लागला. दोष नसलेल्या रुळावरही गाडी स्वतःहून वळवळते हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. पुढचे विक्रम, उद्घाटनं, फीत कापणं हे सगळं त्याच्या मागून आलं.

तिकडे फ्रान्सने याच प्रश्नाचं दुसरं टोक दाखवलं. 1955 च्या मार्चअखेर लांदच्या सपाट प्रदेशात दोन विजेच्या इंजिनांच्या चाचण्यांत ताशी 331 किलोमीटरपर्यंत वेग गाठला गेला. जगभर वाहवा झाली. मात्र एका इंजिनाच्या मागे रूळ नागासारखे पिळवटून पडले होते. त्याची छायाचित्रं कित्येक वर्षं लोकांपुढे आली नाहीत. त्या वेगाने एकदा जाता येतं, रोज जाता येत नाही, असं ते रूळ सांगत होते.

जपानला रोज जायचं होतं. त्या काळी तोक्यो ते ओसाका या मार्गावर सगळ्यात वेगवान गाडीलाही साडेसात तास लागत. 30 मे 1957 रोजी संशोधन संस्थेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त गिंझातल्या यामाहा सभागृहात जाहीर व्याख्यानं झाली. विषय होता, तोक्यो-ओसाका तीन तासांत शक्य आहे का. डब्यांवर मिकी बोलले, रुळांवर योइची होशिनो, सुरक्षितता आणि प्रवासातल्या आरामावर मात्सुदाइरा, सिग्नलवर कावानाबे. चौघांपैकी तिघांचं शिक्षण युद्धाच्या कारखान्यात झालेलं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला ओदाक्यू या खासगी रेल्वेच्या गाडीने, जिच्या बांधणीत मिकींचा हात होता, अरुंद रुळांवर ताशी 145 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.

व्याख्यानं ऐकून स्वप्न पाहणारे पुष्कळ असतात, पैसा उभा करणारा एखादाच. 1955 साली रेल्वेचे अध्यक्ष झालेले शिंजी सोगो तेव्हा 71 वर्षांचे होते. 1951 च्या साकुरागिचो आगीनंतर, जिच्यात शंभरावर प्रवासी जळून मेले, रेल्वे सोडून गेलेल्या शिमांना त्यांनी परत बोलावलं. शिमांचे वडील यासुजिरो यांनीही रुंद रुळांसाठी आयुष्य वेचलं होतं, पण ते रूळ पाहायला यासुजिरो उरले नव्हते. 1961 च्या मे महिन्यात तोक्यो-ओसाका या नव्या, रुंद रुळांच्या मार्गासाठी जागतिक बँकेने 8 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. खर्च मात्र आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट झाला.

संशोधन संस्था तोवर कुनिताची इथल्या नव्या जागेत गेली होती. तिथे आता नमुन्याऐवजी अख्खी बोगी फिरत्या रुळांवर चढवता येत होती. विमानाला जसा विंड टनेल तसं गाडीला हे यंत्र. बोगी जागेवर उभी, खाली रूळ धावणारा, आणि मात्सुदाइरा व त्यांचे सहकारी ती केव्हा वळवळते याची वाट पाहत. जिथे वळवळे तिथे काहीतरी बदलायचं. चाकाचा उतार 20 ला 1 वरून 40 ला 1 केला. उतार कमी, म्हणून मध्यावर ओढणारी ओढही कमी, पण लाट लांब. रुंद रूळ आणि या नव्या उताराने ती साधारण 23 मीटरवर गेली. ताशी 210 किलोमीटरलाही सेकंदाला अडीचच हेलकावे. बोगीतल्या दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर ठेवलं. आस चौकटीला अशा पोलादी पट्ट्यांनी धरला की त्याला मोकळी ढिलाई उरू नये. डबा हवेच्या स्प्रिंगांवर ठेवला. यातल्या एकाही सुट्या भागाला बातमीची किंमत नाही. पण आस फार घट्ट धरला तर गाडी वळणावर रूळ खाते आणि फार ढिला सोडला तर वळवळते. ते नेमकं माप सापडायला माणसांची वर्षं जातात.

1962 च्या जूनपासून कामोनोमियाजवळच्या 32 किलोमीटरच्या चाचणी मार्गावर खऱ्या गाड्या धावू लागल्या. 30 मार्च 1963 रोजी ताशी 256 किलोमीटर वेग नोंदला गेला. गाडीच्या मागे रूळ सरळच होते.

1 ऑक्टोबर 1964. सकाळी सहा वाजता नव्या मार्गावरची गाडी 'हिकारी' तोक्योहून ओसाकाकडे सुटली. 515 किलोमीटर, चार तास, सर्वाधिक वेग ताशी 210. पुढच्या वर्षी हाच प्रवास 3 तास 10 मिनिटांवर आला. उद्घाटनाच्या व्यासपीठावर सोगो आणि शिमा नव्हते. वाढलेल्या खर्चावरून 1963 मध्ये दोघांनी पदं सोडली होती आणि समारंभाला त्यांना बोलावलंही नव्हतं. शिमांनी तो सोहळा घरी टीव्हीवर पाहिला. कुठल्याही देशाच्या रेल्वेने आपल्या माणसांशी असं वागू नये, एवढंच मी म्हणेन.

त्या दिवसापासून आजपर्यंत शिंकान्सेनच्या, म्हणजे या वेगवान गाड्यांच्या, मार्गांवर गाडी घसरून किंवा आदळून एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. 23 ऑक्टोबर 2004 च्या नीगाता भूकंपात ताशी 200 च्या वेगातली एक गाडी घसरली, तरीही कुणी दगावलं नाही.

हे सगळं आता आपल्या अंगणात येतं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जमिनीखालून निघून ठाणे खाडीच्या तळाखालून जाणारा आणि ठाणे, विरार, बोईसर अशी स्थानकं घेत गुजरातेत शिरणारा 508 किलोमीटरचा मुंबई-अहमदाबाद मार्ग जपानी शिंकान्सेनच्या तंत्रावर बांधला जात आहे, ताशी 320 किलोमीटरसाठी. पालघरातल्या ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते इथे दोन ओळींत उरकण्यासारखे नाहीत. वेगाबद्दल मात्र आपल्याकडे फार बोललं जातं आणि वळवळीबद्दल काहीच नाही. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कंपनांचा विषय सूत्रं पाठ करून सुटतो. ओकुयामा आणि शिमोकावा ही नावं त्या वर्गांत एकदा तरी उच्चारली जावीत असं मला मनापासून वाटतं.

मात्सुदाइरा 2000 साली गेले, मिकी 2005 साली. 1964 च्या त्या पहिल्या पिढीच्या गाड्या 30 नोव्हेंबर 2008 रोजी नेहमीच्या सेवेतून निवृत्त झाल्या. त्यातला एक डबा 2001 पासून इंग्लंडमध्ये यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. कधी त्या बाजूला गेलात तर सगळे त्याच्या गोल नाकासमोर उभे राहून फोटो काढत असतील. फोटो काढून झाला की जरा वाकून खालची बोगी पाहा.